तोंडावर पडणारा उजेड

"वृषाली, दार उघड आधी!" आत्यांनी बाथरूमच्या दारावर थाप मारली. "खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहिलीत. पोरीला मारतेस की काय असं वाटतंय त्यांना."

"एवढा साबण निघू दे," मी आतून ओरडले. "झालंच."

ओरडावंच लागत होतं, कारण रेवा किंचाळत होती. आतल्या भिंतीला पाठ चिकटवून ती पाटावर बसली होती. दोन्ही हातांनी तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी तांब्या उचलला की किंकाळी, डोक्यावर पाणी पडलं की त्याहून मोठी. कसंबसं केसांतलं पाणी निथळलं, तिला टॉवेलात गुंडाळलं आणि बाहेर आणलं. बाहेर आल्याबरोबर ती माझ्या कडेवरून आत्यांकडं झेपावली. दिवसभरात मला सगळ्यात जास्त लागायचं ते हेच.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कराडकडं बऱ्याच घरांत सासूला आत्याच म्हणतात. त्यांनी रेवाला छातीशी धरलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हट्टी आहे कारटी. आणि तुला ती मुळीच जुमानत नाही."

रेवा तेव्हा चार वर्षांची व्हायची होती. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. दोन्ही कानांना मशीन लावलं की दार आपटलेलं, कुकरची शिट्टी, जवळून मोठ्यानं मारलेली हाक एवढं तिच्यापर्यंत पोचायचं. मशीन काढलं की काहीच नाही. मशीनला पाणी चालत नाही, म्हणून आंघोळीला नेताना आधी ते काढून कपाटात ठेवायचं. बोलायचं म्हणाल तर 'बाबा', 'दे' आणि 'आ' एवढंच. 'आ' म्हणजे आई की आजी, ते तिच्या बोटावरून ठरायचं.

गावातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत मी तिला रोज दोन तास घेऊन जात होते. पण घरात दुसराच विषय सुरू झाला होता. सुहास, म्हणजे माझा नवरा, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होता. तिथल्या कुणीतरी त्याला लांबच्या एका निवासी शाळेची माहिती दिली होती. मुलं तिथंच राहतात, सुट्टीत घरी येतात. शाळा चांगली होती, त्यात वाद नव्हता. जूनमध्ये जागा मिळत होती.

"तिथं शिकलेली माणसं आहेत वृषाली," सुहास म्हणायचा. "आपल्याला तिचं काही कळत नाही. साधी आंघोळ घालता येत नाही आपल्याला."

'आपल्याला' म्हणायचा, पण आंघोळ मीच घालत होते.

त्यात वरच्या फ्लॅटचं पाणी आमच्या बाथरूममध्ये झिरपायला लागलं. छताचा गिलावा फुगला आणि एका दुपारी त्याचा मोठा पोपडा बादलीत पडला. वरच्यांनी त्यांचे पाइप बदलले, ते आमच्या छताखालून गेले. आता ते उघडे पाइप झाकायला फॉल्स सीलिंग करायचं, फरश्या बदलायच्या, असं एकेक काम वाढत गेलं. सुहास हौशी. कोल्हापूरला एका हॉटेलात त्यानं छतात बसवलेले छोटे गोल दिवे पाहिले होते. तसेच आपल्याकडं बसवायचे, असं त्यानं ठरवून टाकलं.

"खोली केवढी, आणि दिवे कसले घेता?" मी म्हणाले.

"खोली लहान आहे म्हणूनच. भिंतीवरचा तो बल्ब गेला की जागा मोठी वाटेल. तू बघच."

बाथरूम खरंच लहान होतं. दारातून आत गेलं की डावीकडं कमोड, समोरच्या भिंतीला नळ, गिझर आणि खाली पाणी जायची जाळी. मध्ये दोन माणसं बसतील एवढीच फरशी. खिडकी नव्हती, वर एक जाळीचा झरोका. आणि दाराच्या चौकटीवर एक उघडा बल्ब.

गवंडी आले, फोडाफोडी सुरू झाली आणि आमच्या आंघोळी विस्कटल्या. सुहास कारखान्यावर उरकायचा. आत्या आणि मी शेजारी जायचो. रेवाला मात्र शेजारी नेणं शक्यच नव्हतं. तिच्या किंकाळ्या दुसऱ्याच्या घरात कोण ऐकून घेणार? मग मी तिला गच्चीवर न्यायला लागले. टाकीजवळ एक नळ होता. गरम पाण्याची बादली खालून न्यायची, पाट ठेवायचा आणि कोवळ्या उन्हात तिला आंघोळ घालायची.

पहिल्या दिवशी मी मन घट्ट करून तांब्या उचलला आणि सवयीनं म्हणाले, "डोळे मीट."

रेवानं डोळे मिटले.

मी पाणी ओतलं. तिनं तोंडावरून हात फिरवला, डोळे उघडले आणि माझ्याकडं बघत राहिली. किंचाळली नाही. माझा विश्वास बसेना. मी भराभर आंघोळ उरकली, न जाणो आता सुरू होईल म्हणून. नाही झालं सुरू.

"मोकळी हवा लागते तिला," आत्या म्हणाल्या. "कोंडल्यासारखं होत असेल त्या खोलीत."

मलाही ते पटलं. पुढचे काही दिवस छान गेले. मग एके दिवशी ऊन फारच डोळ्यावर येत होतं, म्हणून मी पाट फिरवला. रेवाला उन्हाकडं तोंड करून बसवलं आणि मी उन्हाला पाठ करून बसले. तांब्या उचलला, "डोळे मीट" म्हणाले आणि पाणी ओतलं. गच्चीवरची कबुतरं उडाली, एवढ्या जोरात ती किंचाळली. तिनं माझं मनगट धरलं. पुन्हा तसंच, बाथरूममध्ये धरायची तसंच.

हवा तीच होती, गच्ची तीच होती, पाणीही रोजच्याइतकंच कोमट. मी तिला तशीच टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. ती हुंदके देत होती. तिच्या डोक्यावरून माझी सावली पडलेली मला फरशीवर दिसत होती. काळी, मोठी, हातात अजून तांब्या असलेली.

मी तिला पुन्हा पाटावर बसवलं. या वेळी उन्हाकडं माझं तोंड केलं. डोळे दिपत होते, तरी तसेच उघडे ठेवले. तांब्या उचलायच्या आधी थांबले. ती माझ्याकडं बघेपर्यंत थांबले. मग आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाले, "डोळे मीट."

ओठ गोल झाले, मग मिटले, मग फाकले. रेवा माझ्या तोंडाकडं बघत होती. तिनं डोळे मिटले, मानही थोडी वर केली आणि पाण्याची वाट बघत बसली.

मी पाणी ओतायचं विसरले. ती एक डोळा उघडून बघायला लागली, तेव्हा कुठं ओतलं.

खाली येताना मी जिन्यातच थांबले. त्या बाथरूममध्ये बल्ब दाराच्या चौकटीवर होता आणि मी दाराकडं पाठ करून बसायचे. सगळा उजेड माझ्या पाठीमागून यायचा आणि तिच्या डोळ्यांत जायचा. माझं तोंड तिला दिसतच नव्हतं. तिला दिसायचा एक काळा आकार आणि वर उचललेला हात. पाणी कधी पडणार, कुठं पडणार, काहीच कळायचं नाही. मी रोज तिला सांगत होते आणि तिला रोज न सांगता पाणी अंगावर येत होतं.

पोरगी हट्टी नव्हती. पोरगी माझं ऐकायला तयार बसली होती.

संध्याकाळी सुहास आला तेव्हा हे सगळं मी एका दमात सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला.

"मग सोपं आहे," तो म्हणाला. "जागा बदला. तू आत बस, तिला दाराशी बसव."

"जाळी आतल्या भिंतीशी आहे. नळही तिकडंच. दाराशी आंघोळ घातली की पाणी सगळं पॅसेजमध्ये. उतारच आत आहे."

"तरी आता प्रश्न मिटलाच ना? चौकटीवरचा बल्ब जाणार. छताच्या मधोमध लाइट येणार. तीन ठरवलेत मी एका रांगेत."

"मला ते आधी बघायचेत."

"अगं, ऑर्डर देऊन झालीय. आंघोळ करायची जागा आहे ती, फोटो काढायचा स्टुडिओ नाही." मग तो जरा हळू बोलला. "आणि वृषाली, एका दिव्यानं काय होणार आहे? जूनपर्यंत आपल्याला त्या शाळेला कळवायचंय."

 पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, त्याला सुट्टी होती. रेवाला आत्यांपाशी ठेवून मी त्याला मुजावरांच्या दुकानात घेऊन गेले.

मेहबूब मुजावर आमच्याच पेठेत लाइट विकायचे आणि बसवूनही द्यायचे. पन्नाशीचे गृहस्थ, कानावर पेन्सिल, बोलणं सावकाश. त्यांच्या दुकानात छताला एक लांब फळी होती आणि तिच्यात नाना तऱ्हेचे दिवे बसवलेले होते. ज्याचं बटण दाबाल तो लागायचा.

"मुजावरभाई, आमचे ते हॉटेलवाले दाखवा हिला," सुहास म्हणाला.

त्यांनी बटण दाबलं. खोल वाटीत बसवलेला छोटासा दिवा लागला. त्याचा झोत सरळ खाली आला आणि फरशीवर उजेडाचा गोल पडला. दिसायला देखणं होतं, खोटं कशाला बोला.

मी पिशवीतून हातआरसा काढला आणि त्या दिव्याखाली उभी राहिले. आरशात बघून मलाच कसंतरी झालं. कपाळ आणि नाक लख्ख पांढरं. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. नाकाखाली सावली, ती थेट हनुवटीपर्यंत. ओठ कुठं आहेत ते शोधावं लागत होतं.

"शटर जरा खाली ओढता का?" मी मुजावरांना विचारलं. "बाहेरचा उजेड नको."

त्यांनी सुहासकडं पाहिलं. सुहासनं खांदे उडवले. शटर अर्ध्यावर आलं, दुकानात अंधार झाला.

"आता तुम्ही त्या स्टुलावर बसा," मी सुहासला म्हणाले. "खाली. रेवा बसते तसं. आणि दोन्ही कानांत बोटं घाला."

"वृषाली, लोक बघतायत."

"शटर ओढलंय. बसा ना."

तो बसला. मुजावर काउंटरमागं उभे राहून बघत होते. मी त्या देखण्या दिव्याखाली उभी राहिले, आवाज अजिबात न काढता एक वाक्य म्हटलं आणि विचारलं, "काय म्हणाले?"

कानांतली बोटं काढून तो म्हणाला, "काही कळलं नाही. पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. तो पुढं वाकला, डोळे बारीक केले. "नाही गं. नाकाखाली नुसता काळोख दिसतोय."

"मुजावरभाई, दुसरा लावा."

दुसरा लागला. तो अगदी पांढरा, निळसर होता. त्यात माझं तोंड दिसत होतं, पण स्टुलावरून वर बघताना सुहासचे डोळे मिटायला लागले. "टोचतोय," तो म्हणाला. तिसरा पिवळा होता, बेतानं उजेड देणारा. त्यात पुन्हा सगळं मंद. आता मुजावरांनाही गंमत वाटायला लागली होती. ते काउंटरमागून बाहेर आले.

"वहिनी, तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते सांगा बघू. कुणाला काय दिसायला हवं?"

मी सांगितलं. मुलगी कुठं बसते, मी कुठं बसते, ती कानांनी ऐकत नाही, माझे ओठ बघते. सगळं.  ऐकून झाल्यावर ते आतून एक खोका घेऊन आले.

"वाटी खोल असली की उजेड विहिरीत पडल्यासारखा खाली जातो," ते म्हणाले. "तुम्हाला पसरणारा पाहिजे. हा बघा, छताच्या पातळीतच बसतो. पुढं दुधी काच आहे, त्यामुळं खालून बघितलं तरी डोळ्याला त्रास नाही. आणि चारही बाजूंनी बंद आहे, वाफ आत जात नाही. रंग ना पिवळा ना निळा. असला कोण बाथरूमला नेत नाही, लोक दुकानाला नेतात."

त्यांनी शिडी लावली, तो दिवा फळीत बसवला. लागला तेव्हा मी आरशात पाहिलं. डोळे दिसले, ओठ दिसले. तरी नाकाखाली थोडी सावली होतीच. मी एक पाऊल मागं गेले. दिवा माझ्या डोक्यावर नव्हे, माझ्या समोर वर आला, आणि ती सावली गेली. माझं सगळं तोंड सारखं उजळलं.

"इथं," मी म्हणाले. "दिवा माझ्या समोर हवा. तिच्या डोक्याच्या वर."

"बसा साहेब," मुजावर सुहासला म्हणाले. "कानात बोटं घाला."

सुहास निमूटपणे बसला. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, बिनआवाजाचं.

त्यानं जरा विचार केला. "मामी घरी आहे?"

मुजावर मोठ्यानं हसले. मलाही हसू आवरेना. "पाणी गरम आहे, म्हणाले मी!"

"मला तर मामीच दिसली," सुहास म्हणाला.

"दिसणारच. शाळेतल्या बाई सांगतात, प आणि म ओठांवर सारखेच दिसतात."

तो हसत होता, तो हळूहळू थांबला. "म्हणजे तिला दिवसभर हेच करावं लागतं? प्रत्येक शब्दाला?"

"प्रत्येक शब्दाला."

तो स्टुलावर तसाच बसून राहिला. मग त्यानं आपणहून दोन्ही कानांत बोटं घातली आणि वर बघितलं. "अजून एक म्हण."

मी ठरवून आले नव्हते. पण तो तसा खाली बसलेला, वर बघणारा, ऐकू न येणारा. आणि माझ्या तोंडावर तो स्वच्छ उजेड. मी ओठ हलवले. सावकाश, एकेक शब्द.

"तिला पाठवू नका."

सुहासनं कानांतली बोटं काढली नाहीत. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. पुन्हा म्हण असं म्हणाला नाही, काय म्हणालीस असंही नाही. त्याचे डोळे भरून आलेले मला दिसले, कारण उजेड आता त्याच्याही तोंडावर थोडा पडत होता.

"काय म्हणाल्या वहिनी?" मुजावरांनी विचारलं.

सुहास उठला, पँट झटकली. "हेच द्या म्हणते," तो म्हणाला. "हेच दोन द्या."

दिवे बसवताना घरात पुन्हा एकदा बोलाचाली झाली, ती आत्यांशी. दिवे छताच्या मधोमध नव्हते. दोन्ही आतल्या भिंतीकडं सरकवलेले, आणि दाराकडचं छत मोकळं.

"हे काय? मोजायला चुकलात का?" आत्यांनी मुजावरांना विचारलं. "आलागेला हसेल की. अर्ध्या खोलीला दिवे आणि अर्धी कोरडी."

मुजावरांनी शिडीवरून माझ्याकडं बघितलं. मी बोलायच्या आत सुहास म्हणाला, "बरोबर आहे आई. तसंच पाहिजे."

छत बंद करायच्या आधी मी माझं बुटकं स्टूल आत नेऊन ठेवलं होतं, त्यावर बसून आरसा धरला होता आणि मुजावर वर दिवा हातात धरून "इथं? का अजून मागं?" असं विचारत होते. भिंतीच्या फार जवळ गेला की नव्या फरशीवर त्याची चकाकी यायची. पुढं आला की माझ्या नाकाखाली सावली. मधली जागा सापडली तेव्हा त्यांनी कानावरची पेन्सिल काढून खूण केली आणि म्हणाले, "आता साक्षात वरून कुणी उतरलं तरी हा दिवा इथून हलवायचा नाही."

पहिल्या दिवशी मात्र माझी सगळी हुशारी दारातच गळून पडली. नव्या बाथरूमच्या दारात येताच रेवानं चौकटीला धरलं आणि किंचाळायला सुरुवात केली. खोली नवी असली तरी तिच्या लेखी ती तीच जागा होती. आत्या मागं टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांचा सुस्कारा मला ऐकू आला.

मी तिला ओढलं नाही. दिवे लावले, आत जाऊन माझ्या स्टुलावर बसले आणि तोंडावर उजेड राहील एवढीच तिच्याकडं मान वळवून नुसती बसून राहिले. बादली भरलेली, तांब्या बाजूला. तिचा आवाज बसत गेला. ती माझ्याकडं बघायला लागली. मी गाल फुगवले. जीभ काढून दाखवली. ती चौकट सोडून एक पाऊल आत आली, मग भिंतीला धरत धरत पाटापर्यंत. बसली, पण मनगट धरायला हात पुढं केलेच.

मी तिचे हात माझ्या गुडघ्यांवर ठेवले. तांब्या उचलला नाही. ती बघेपर्यंत थांबले.

"पाणी घेते."

ती बघत होती.

मी तांब्या भरला, तिला दाखवला. "डोळे मीट."

तिनं माझ्या ओठांकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं, पुन्हा ओठांकडं. आणि डोळे इतके गच्च मिटले की नाकाला सुरकुत्या पडल्या. मी हळूच खांद्यावर पाणी सोडलं, मग डोक्यावर. माझ्या गुडघ्यांवर तिची बोटं रुतली आणि मग सैल झाली.

मागं आत्या टॉवेल घेऊन उभ्याच होत्या. आंघोळ झाल्यावर मी रेवाला उचललं, तर त्या दिवशी ती आत्यांकडं झेपावली नाही. माझ्या खांद्यावर ओलं डोकं ठेवून तशीच राहिली.

त्यानंतर आमच्या आंघोळी लांबायला लागल्या. मी तिथं बोलायचेच जास्त. हात, पाय, मान, कोपर, साबण, फेस, गार, गरम. सगळं तोंड तिच्यासमोर धरून, सावकाश. ती बघायची, कधी माझ्या ओठांना बोट लावायची, कधी आपले ओठ तसे करून बघायची. आवाज निघायचा नाही. मी काही तिला शिकवायचं म्हणून हे करत नव्हते. इतके दिवस तिला न पोचलेलं बोलणं माझ्यात साठलं होतं, ते बाहेर पडत होतं.

मे महिना संपत आला होता. सुहास त्या दिवशी घरीच होता. आंघोळ उरकली होती, मी टॉवेल घ्यायला हात लांब केला, तेवढ्यात रेवानं बादलीतून तांब्या भरून घेतला. तिला तो जड होत होता. दोन्ही हातांनी उचलून तिनं तो छातीशी धरला आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली, मी तिच्याकडं बघावं म्हणून.

मी बघितलं.

तिनं ओठ गोल केले. "ओए," ती म्हणाली. मग ओठ मिटले. "मी."

तिच्या कानांत मशीन नव्हतं. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता. तो घोगरा होता, वरखाली जाणारा. पण शब्द दोन होते, एकामागोमाग एक, जागच्या जागी.

मी डोळे मिटले नाहीत. मला सुचलंच नाही. तर ती कपाळाला आठ्या घालून, शाळेतल्या बाईंसारखी, पुन्हा म्हणाली, "ओए! मी!"

मी डोळे मिटले. पाणी माझ्या डोक्यावर पडलं, पाठीत उतरलं, गाऊन चिंब झाला. डोळे उघडले तेव्हा रेवा खदाखदा हसत होती आणि दारात सुहास उभा होता.

"काय म्हणाली ती?" त्यानं विचारलं.

"तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं. तरी तू सांग."

"डोळे मीट म्हणाली."

तो तसाच कपड्यांनिशी आत आला, ओल्या फरशीवर तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं आपले डोळे मिटले. रेवानं दुसरा तांब्या भरला.

त्या शाळेला काय कळवायचं यावर आमच्या घरात पुन्हा चर्चा झाली नाही. जेवताना सुहास एवढंच म्हणाला, "गावातल्या शाळेत दिवसभर ठेवून घेतील का, ते बाईंना विचार. बाकीचं आपण घरी करू." आत्या भाकरी मोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण रेवाच्या ताटात लोण्याचा मोठा गोळा पडला.

आज रेवा सोळा वर्षांची आहे, अकरावीत आहे, आणि माझ्याशी भांडताना तिला शब्द कमी पडत नाहीत. तिच्या यशाची यादी मी सांगत बसणार नाही. आईनं सांगायला सुरुवात केली की ती कुठं थांबते? पण मला विचाराल तर आयुष्यात मी काय मिळवलं, तर मी ते दोन दिवे दाखवीन. घरी कुणी आलं की बायका नवं स्वयंपाकघर दाखवतात. मी आजही बाथरूमचं छत दाखवते, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आत्यांनी त्या दिव्यांबद्दल माझ्याशी कधी शब्द काढला नाही. त्यांचा स्वभावच तसा. पण दिवे बसवले त्याच वर्षी श्रावणात त्यांची धाकटी बहीण पाटणहून आली होती. मी आत पुरण वाटत होते. बाहेरच्या खोलीत मावशी खिडकीला पाठ करून बसल्या होत्या आणि रेवा त्यांच्यासमोर उभी राहून त्यांच्याकडं टक लावून बघत होती.

"काय गं, बोलत का नाहीस?" मावशी तिला म्हणाल्या. मग आत्यांकडं वळून, "हिला काहीच कळत नाही का गं अक्का?"

"कळतं सगळं," आत्यांचा आवाज आला. "तू ऊठ तिथून. खिडकीला पाठ करून काय बसलीस? तुझं तोंड काळं दिसतंय तिला. इकडं ये, उजेडाकडं तोंड करून बस. हां. आता ती बघेपर्यंत थांब. घाई करू नको. आता विचार."

 मी वाटायची थांबले.

"बाळा, तुझं नाव काय?" मावशींनी विचारलं.

"एवा," रेवा म्हणाली.

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. "उजेडाचं हे कुणी सांगितलं गं तुला? डॉक्टरांनी?"

"डॉक्टर कशाला?" आत्या म्हणाल्या. "आमच्या सुनेनं शोधून काढलं."